बी.एड.ला प्रवेश घेण्याआधी: सीईटीपासून शालार्थ आयडीपर्यंतचा रस्ता आणि खर्च

पदवीचे निकाल लागायच्या सुमारास ओळखीतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "सर, बी.एड.ची फी किती हो?" मी उलट विचारतो, तुला शिकवायचंय कितवीला आणि कोणता विषय? पलीकडे बऱ्याचदा शांतता. मग मी सांगतो, फीचं नंतर बघू, आधी हे ठरव. चुकीचा विषय घेऊन कमी फीत केलेलं बी.एड. शेवटी सगळ्यात महाग पडतं. पस्तिशीला आलेली, बी.एड.ची पदवी हातात असलेली आणि तरी तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात वर्षं काढणारी माणसं मी रोज बघतो. त्यांच्यात हुशारीची कमी नाही. प्रवेशाआधी कोणी शेजारी बसून हिशेब मांडून दिला नाही, एवढंच.

महाराष्ट्रात पदवीनंतर बी.एड. करू पाहणाऱ्यांसाठी तो हिशेब इथे क्रमाने मांडतो.

पहिलं काम: इयत्ता ठरवा

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बी.एड. चालत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने (एनसीटीई) २०१८ मध्ये बी.एड.वाल्यांना प्राथमिकचं दार उघडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ते बंद केलं. या वर्गांसाठी डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपण ज्याला अजून डी.एड. म्हणतो ते. लहान मुलांत रमणारे कितीतरी जण "पदवी झालीच आहे, तर बी.एड.च करू" म्हणून चुकीच्या रांगेत उभे राहतात. तुमचा जीव पहिली-दुसरीच्या वर्गात रमत असेल तर इथेच थांबा आणि डी.एल.एड.ची चौकशी करा.

सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. किंवा डी.एल.एड., आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागतो. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., तेही शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विषयातलं. अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी द्वितीय श्रेणीत हवी आणि सोबत बी.एड.

दुसरं काम: विषयाचा हिशेब

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

बी.एड.ला तुमची अध्यापन पद्धती, म्हणजे कोणता विषय शिकवायचं प्रशिक्षण घ्यायचं ते, पदवीच्या विषयावरून ठरते. पदवी इतिहासाची असेल तर पद्धतीही इतिहासाची, आणि पुढे अर्जही इतिहासाच्याच जागेवर. बी.कॉम.वाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. आपल्या राज्य मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंत वाणिज्य हा विषयच नसतो. बी.कॉम.वर बी.एड.ला प्रवेश मिळतो, पण वाणिज्याचा शिक्षक लागतो तो कनिष्ठ महाविद्यालयात, आणि तिथे एम.कॉम. हवं. तेव्हा बी.कॉम.च्या मुलांनी एम.कॉम. आणि बी.एड. या दोन्हींचा खर्च व दोन्हींची वर्षं एकत्र धरूनच निर्णय घ्यावा.

मराठी, इतिहास, भूगोल या विषयांत उमेदवारांची गर्दी फार असते, गणित-विज्ञानात तुलनेने कमी. माझ्या सांगण्यावर विसंबू नका, स्वतः तपासा. पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, आधीच्या भरतीच्या जाहिराती बघा. प्रत्येक जाहिरातीत इयत्तांचा गट, विषय, माध्यम आणि प्रवर्ग दिलेला असतो. वही घेऊन बसा, तुमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांत तुमच्या विषयाच्या, माध्यमाच्या आणि प्रवर्गाच्या किती जागा होत्या ते मोजा. एका संध्याकाळचं काम आहे. दोन-तीन लाखांचा आणि आयुष्याच्या काही वर्षांचा निर्णय त्यावर उभा असतो.

माध्यमाचंही तसंच. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.ला जायचं असेल तर सीईटी या प्रवेश परीक्षेसोबत ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी चाचणी द्यावी लागते. सीबीएसईच्या खासगी शाळांत शिकवायचा विचार असेल तर ती आवर्जून द्या. त्या शाळा पवित्र पोर्टलची वाट बघत नाहीत, स्वतः मुलाखती घेऊन शिक्षक नेमतात.

तिसरं काम: गुण आणि कागद

पदवीला किंवा पदव्युत्तरला खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण हवेत. अभियांत्रिकीच्या पदवीधरांना ५५ टक्क्यांची अट आहे.

जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, अधिवास, उत्पन्नाचा दाखला: यातलं जे तुम्हाला लागू असेल ते सीईटीचा फॉर्म भरतानाच तयार ठेवा. तहसील कार्यालयात जून-जुलैत दाखल्यांसाठी काय रांगा लागतात ते सगळ्यांना माहीत आहे. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते हे विसरून कित्येक जण जुनाच दाखला अपलोड करतात. कागद अपुरा पडला की अर्ज खुल्या प्रवर्गात जातो, कमी फीची जागा हातची जाते, शिष्यवृत्तीही जाते. एका दाखल्यापायी दोन वर्षांची पूर्ण फी भरणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांनी त्यासाठी काय काय विकलं तेही पाहिलं आहे.

सीईटी

राज्य सीईटी कक्षाची बी.एड.ची परीक्षा साधारण मार्चच्या आसपास होते. ९० मिनिटांत १०० प्रश्न: बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. महागडा क्लास लावायची गरज मला तरी वाटत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका, रोजचं वर्तमानपत्र आणि दीड-दोन महिने रोज तासभर बुद्धिमत्तेचा सराव पुरतो. चुरस असते ती कमी फीच्या जागांसाठी, आणि त्या थोड्याच आहेत. पास होण्यापुरता अभ्यास करू नका. पर्सेंटाइल जितकं वर जाईल तितकी फी खाली येईल, असं समजून बसा.

चौथं काम: महाविद्यालयांची यादी

बी.एड.ची महाविद्यालयं तीन प्रकारची. शासकीय, जशी पनवेल, बुलढाणा, परभणीची. अनुदानित, जी जुन्या शिक्षणसंस्थांकडे आहेत. आणि विनाअनुदानित, ज्यांची संख्या सगळ्यात जास्त. पहिल्या दोन प्रकारांत फी बरीच कमी असते. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय बघता येते. ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरण्याआधी हे काम करा. एकाच शहरातल्या दोन महाविद्यालयांच्या फीत मोठा फरक सापडतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो माहीत असू द्या. कॅपिटेशन फी घेण्यास बंदी घालणारा महाराष्ट्राचा कायदा १९८७ चा आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांच्या प्रवेश आणि शुल्कावर नियंत्रण ठेवणारा कायदा २०१५ चा. मंजूर फीच्या वर पैसे मागणं बेकायदा आहे, दोन वर्षांची फी एकदम मागणंही. "डेव्हलपमेंट", "प्रॅक्टिकल", "युनिफॉर्म" अशा नावांनी मागितलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. पावती देत नसतील तर पैसेही देऊ नका. मूळ गुणपत्रिका पडताळणीला दाखवायच्या आणि परत घ्यायच्या. माझी एक विद्यार्थिनी अशीच अडकली होती. चांगल्या ठिकाणी जागा मिळत असूनही पहिल्या महाविद्यालयाने कागद दाबून ठेवले आणि तिला तिथेच राहावं लागलं. तेव्हा तक्रार कुठे करायची हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

महाविद्यालयाला एनसीटीईची मान्यता चालू आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल न भरलेल्या संस्थांवर २०२५ मध्ये मान्यता काढून घेण्यापर्यंत कारवाई झाली आहे. गेल्या वर्षी होती म्हणजे यंदाही असेल, असं धरून चालू नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. शेजारच्या राज्यातलं "नॉन-अटेंडिंग बी.एड." देणारे एजंट गावोगाव फिरतात. फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो, असं म्हणतात. नियमाप्रमाणे बी.एड.ला तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला (इंटर्नशिपला) ९० टक्के हजेरी लागते. कागदपत्रांच्या पडताळणीत तुम्ही त्याच काळात दुसरीकडे नोकरीला होतात हे उघड झालं तर पदवी, पैसा आणि नाव, तिन्ही पणाला लागतं. शिवाय वर्गात उभं राहायला शिकवणारी जी दोन वर्षं असतात, ती मिळतच नाहीत. मुलांसमोर उभे राहाल तेव्हा ती उणीव तुम्हाला रोज टोचेल.

पाचवं काम: खरा खर्च कागदावर मांडा

२०१५-१६ पासून बी.एड. एका वर्षाऐवजी दोन वर्षांचं झालं. त्यामागचा विचार मला पटतो, कारण एका वर्षात शिक्षक घडत नाही. पण घरच्या हिशेबात त्याचा अर्थ असा की फी, खोलीभाडं, मेस सगळं दुप्पट झालं आणि बिनकमाईचं एक वर्ष वाढलं.

एक नमुना मांडतो. आकडे मानलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा फी वर्षाला ३०,००० रुपये. शहरात कॉट बेसिसवर २,५०० रुपये महिना, मेसचे ३,०००, वर्षातले १० महिने. फाइली, तक्ते, शैक्षणिक साहित्य, झेरॉक्स आणि प्रिंट यांचे वर्षाला ६,०००. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची असते. आठवड्याचे सहा दिवस आणि जायचे-यायचे रोजचे ६० रुपये धरले तर ७,२०० होतात.

दोन वर्षांची बेरीज: फी ६०,०००, खोली ५०,०००, मेस ६०,०००, साहित्य १२,०००, प्रवास ७,२००. एकूण १,८९,२००. यात फीचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. सध्या तुम्ही महिना १०,००० कमावत असाल तर दोन वर्षांची बुडालेली २,४०,००० ची कमाई वेगळीच.

या बेरजेकडे जरा वेळ बघा. घरापासून रोज जाऊन-येऊन करता येणारं महाविद्यालय वर्षाला २५,००० नी महाग असलं, तरी दोन वर्षांत जास्तीचे ५०,०००च जातात, आणि खोली-मेसचे १,१०,००० वाचतात. घरी जेवणखाण आणि एसटीचा पास धरला तरी बहुतेकांना जवळचंच परवडतं. एसटीचा विद्यार्थी मासिक पास दोन तृतीयांश सवलतीत मिळतो आणि महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे. ऑप्शन फॉर्ममध्ये क्रम लावताना फीच्या नव्हे, या पूर्ण बेरजेच्या क्रमाने महाविद्यालयं लावा.

साहित्याच्या खर्चावर थोडा ताबा ठेवता येतो. तक्ते आणि मॉडेल विकत घेऊ नका, स्वतः करा. परीक्षकालाही विकतचं लगेच ओळखू येतं. मागच्या वर्षीच्या मुलांकडून संदर्भपुस्तकं घ्या. पाठ टाचणांच्या फाइली मात्र त्यांच्याकडून उतरवून काढू नका. टाचण लिहितानाच पाठ डोक्यात तयार होतो.

सहावं काम: शिष्यवृत्ती

अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मर्यादा आठ लाख, आणि त्यात शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करणारा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही बघा.

यातली मुख्य अट लक्षात घ्या: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर हे लाभ मिळत नाहीत. "कॅपची कशाला वाट बघतेस, आत्ताच सीट देतो" असं कोणी म्हणालं तर ती घाई तुम्हाला किती हजारांना पडेल याचा हिशेब तिथेच करा. बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा आणि दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण विसरू नका.

कर्जाबद्दल मी फार सावध आहे. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. शिक्षकाची नियमित नोकरी त्या वेळापत्रकाने येत नाही. का, ते पुढे बघू.

दोन वर्षं कशी काढाल

सूक्ष्म अध्यापन (छोट्या पाठात एकेका कौशल्याचा सराव), सेतुपाठ (ती कौशल्यं एकत्र जोडणारा पाठ), सराव पाठ आणि आंतरवासिता हा बी.एड.चा गाभा. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे तुम्ही खऱ्या शाळेत असता. तिथल्या एखाद्या जुन्या शिक्षकाचा, बाईंचा वर्ग मागे बसून रोज बघा. फळ्याचा उपयोग कसा करतात, मागच्या बाकावरच्या मुलाला प्रश्न कसा विचारतात, गोंधळ झाला की आवाज चढवतात की उतरवतात, ते टिपून ठेवा. पुस्तकात हे सापडत नाही.

एक वर्षाचं बी.एड. परत येणार, अशी चर्चा सारखी चालू असते. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी तशी तरतूद असलेला मसुदा एनसीटीईने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या पदवीवाल्यांनी त्याकडे डोळे लावून वर्ष घालवू नये, असं माझं मत आहे.

सातवं काम: टीईटी आणि टेट

नावं सारखी वाटतात, पण परीक्षा वेगळ्या. टीईटी ही पात्रता परीक्षा, आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी. १५० गुणांची. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. सहावी ते आठवीच्या पेपरमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र निवडायचं. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटीही चालते, आणि ती बी.एड.च्या अंतिम वर्षाला असताना देता येते. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची केली, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ राहिलेल्यांचा अपवाद सोडून. म्हणजे परीक्षा केंद्रावर तुमच्या शेजारी तुमचेच जुने सर बसलेले दिसू शकतात. त्यांना अवघडून टाकू नका, नमस्कार करा आणि पेपर सोडवा.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही निवडीची परीक्षा. १२० मिनिटांत २०० प्रश्न. पवित्र पोर्टलवरची भरती याच गुणांवर होते, नववी-दहावी आणि अकरावी-बारावीसाठीही.

आता तारखा बघा. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. तिसरी मे-जून २०२५ मध्ये. पहिल्या दोन परीक्षांमध्ये पाच वर्षांहून जास्त अंतर पडलं. २०१८ ला बी.एड. झालेला मुलगा नुसत्या परीक्षेसाठी २०२३ पर्यंत थांबला, आणि परीक्षेनंतर भरतीचा काळ वेगळा. या काळात कर्जाचे हप्ते कोण भरणार होतं? म्हणून कर्जाबद्दल मी तसं बोललो. टेटची तयारी बी.एड.च्या पहिल्या वर्षापासून करा. २०२५ मध्ये अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसू दिलं होतं. संधी अचानक येते आणि तयार नसलात तर पुढची कधी, हे कोणी सांगू शकत नाही.

प्रवेश घेण्याआधी घरच्यांसोबत बसून ही गोष्ट उघड बोला: बी.एड. झाल्यावर दोन-तीन वर्षं नियमित नोकरी नाही मिळाली तर घर कसं चालेल? शिकवण्या घेणार, खासगी शाळेत जाणार की शेती-दुकान बघत अभ्यास करणार? याचं उत्तर आधी असेल तर ती वर्षं माणसाला खचवत नाहीत.

नेमणूक मिळाल्यावर

पवित्रवर दोन प्रकार आहेत, मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह. जिल्हा परिषदा आणि महापालिकांच्या जागा मुलाखतीशिवाय भरतात. मुलाखतीसह प्रकारात खासगी संस्थेसमोर बसावं लागतं, आणि तिथे पैशांची मागणी झाल्याचं मी अनेकांकडून ऐकलं आहे. असे पैसे देऊ नका. शेत गहाण टाकून जागा घेतलेल्या माणसाला पुढची दहा वर्षं वर्गात मोकळ्या मनाने उभं राहता येत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. प्राधान्यक्रम भरताना मुलाखतीशिवायच्या जागा, घरापासून लांब असल्या तरी, विचारात घ्या.

सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून. जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये महिना आहे. त्याआधी ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं. म्हणजे माध्यमिकच्या तीन वर्षांत हाती ६,४८,००० येतात. परगावी राहत असाल तर त्यातून भाडं वजा करून घरी किती पाठवता येईल ते आधीच ठरवा, म्हणजे पहिल्याच महिन्यात घरी कोणाचा हिरमोड होणार नाही.

अनुदानित खासगी शाळेत रुजू झालात तर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि त्यानंतर शालार्थ आयडी (शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला तुमचा क्रमांक) मिळाल्याशिवाय पगार सुरू होत नाही. यात काही महिने जातात, तेवढ्या महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. नेमणूक आदेश, हजर अहवाल, मान्यता आदेश, सेवापुस्तकाची पानं: प्रत्येकाची एक प्रत घरी आणि एक मोबाइलमध्ये. प्रस्ताव कार्यालयात कधी गेला त्याचा आवक क्रमांक आणि तारीख मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या, आणि दर पंधरा दिवसांनी त्या क्रमांकावरच विचारणा करा.